मनोधारणा आणि कर्तृत्व : एका लोकप्रिय सिद्धान्ताची तपासणी

भर्तृहरीच्या नीतिशतकातील एका श्लोकाचे वामनपंडितांनी केलेले मराठी रूपांतर महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. वाळूतूनही तेल काढता येईल, या आशयाचा त्याचा प्रारंभ म्हणीसारखा रूढ झाला असून उद्योगाचा महिमा सांगण्यासाठी तो नित्य वापरला जातो. संपूर्ण श्लोक वाचला असता मात्र त्याचा रोख निराळा असल्याचे ध्यानात येते. वाळूतून तेल, मृगजळातून पाणी, सशाला शिंग या गोष्टी एक वेळ घडतील, परंतु हट्टी मूर्खाचे मन वळविता येणार नाही, असे कवीस म्हणावयाचे आहे. प्रयत्नाची ग्वाही म्हणून जे वचन सांगितले जाते, ते वस्तुतः मनाच्या अपरिवर्तनीयतेविषयीच्या विधानाचा एक भाग होय.

मनुष्याची बुद्धी बदलू शकते काय, हा एक प्रश्न. आणि ती बदलू शकते असा विश्वास बसल्याने त्याच्या कर्तृत्वात फरक पडतो काय, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाच्या होकारार्थी उत्तरावर ‘माइंडसेट कोचिंग’ या नावाने ओळखला जाणारा व्यवसाय बव्हंशी उभा आहे. शाळा, क्रीडासंघ व व्यापारी संस्था यांतून त्याचा प्रसार झाला आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या संशोधनाने प्रत्यक्षात काय सिद्ध केले आणि काय सिद्ध केले नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संकल्पनेचा उगम

बुद्धिमापनाचे आद्य प्रवर्तक आल्फ्रेड बिने यांनी थिओदोर सिमों यांच्या साहाय्याने १९०५ साली आपली मापनश्रेणी सिद्ध केली. शाळेत मागे पडणाऱ्या, विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांचा शोध घेणे हा तिचा उद्देश होता. पुढे याच श्रेणीचा आधार घेऊन बुद्धी ही जन्मसिद्ध व स्थिर राशी आहे, असे प्रतिपादन इतरांनी केले. बिने यांचे स्वतःचे मत तसे नव्हते. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी या निराशावादाचा निषेध केला, आणि अवधान, स्मरण व निग्रह वाढविणाऱ्या व्यायामांची ‘मानसिक अस्थिसुधार’ अशा अर्थाच्या नावाने शिफारस केली. पुतळ्याप्रमाणे निश्चल उभे राहण्याचा खेळ हा त्यांपैकीच एक.

या विचाराला प्रायोगिक रूप देण्याचे कार्य अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी केले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, अपयश येताच हतबल होणाऱ्या बारा मुलांचा अभ्यास होता. काही मुलांना केवळ यशाचा अनुभव देण्यात आला. इतरांना मधूनमधून अपयश देऊन ते अपुऱ्या प्रयत्नाचे फळ आहे, असे समजावण्यात आले. पुढे कठीण उदाहरणे समोर येताच पहिल्या गटातील मुले पूर्ववत खचली. दुसऱ्या गटातील मुले टिकून राहिली. अपयशापेक्षा अपयशाचा लावलेला अर्थ अधिक परिणामकारक ठरतो, हे सूत्र येथे प्रथम हाती आले. १९८८ साली ड्वेक व एलन लेगेट यांनी बुद्धीविषयीच्या दोन लौकिक धारणा वेगळ्या केल्या : बुद्धी ठरीव आहे असे मानणारी स्थिरधारणा, आणि ती वाढविता येते असे मानणारी वर्धिष्णुधारणा.

१९९८ साली ड्वेक व क्लॉडिया म्यूलर यांनी प्रसिद्ध केलेले प्रयोग विशेष गाजले. पाचवीच्या मुलांना प्रथम सोपी कोडी देण्यात आली. ती सोडविल्यावर काहींच्या बुद्धीची, तर काहींच्या मेहनतीची प्रशंसा केली गेली. त्यानंतर फार कठीण कोडी, आणि शेवटी पहिल्याइतकीच सोपी कोडी देण्यात आली. बुद्धीची स्तुती ऐकलेल्या मुलांची शेवटची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली. मेहनतीची स्तुती ऐकलेल्यांची सुधारली. आपले गुण इतर मुलांना कळविण्याची वेळ आली तेव्हा पहिल्या गटातील सुमारे ४० टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले. ज्याला हुशार म्हटले गेले, त्याला हुशारीचा लौकिक सांभाळण्यासाठी खोटे बोलावे लागले, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

लहान प्रयोगांकडून मोठ्या प्रयोगांकडे

२००७ साली लिसा ब्लॅकवेल, काली ट्रेस्निएव्हस्की व ड्वेक यांनी न्यूयॉर्कमधील विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ९१ विद्यार्थ्यांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना अभ्यासाची कौशल्ये शिकविण्यात आली. एका गटाला त्याखेरीज मेंदू वापराने विकसित होतो, हे समजावण्यात आले. केवळ कौशल्ये शिकलेल्या गटाचे गणितातील गुण घसरतच राहिले. दुसऱ्या गटाची घसरण थांबली. २००६ साली ड्वेक यांचा लोकप्रिय ग्रंथ प्रसिद्ध झालेला होताच. या दोहोंच्या प्रभावाने वर्धिष्णुधारणेचा प्रचार झपाट्याने झाला, आणि मूळ विधानाच्या मर्यादा त्या प्रचारात मागे पडल्या.

कोणत्याही सिद्धान्ताची खरी कसोटी तो मूळ प्रवर्तकांच्या हातून निसटून दूरच्या शाळांत गेल्यावर लागते. २०१८ साली व्हिक्टोरिया सिस्क व सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सुमारे ३,६५,००० व्यक्तींच्या माहितीवरून मनोधारणा व शैक्षणिक यश यांतील सहसंबंध ०.१० इतकाच आढळला. म्हणजे यशातील विचरणापैकी सुमारे एक टक्का भाग या धारणेशी निगडित होता. धारणा बदलण्याच्या उपक्रमांचा सरासरी परिणाम ०.०८ प्रमाण विचलन इतका भरला. व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर, शंभरांच्या रांगेत मध्यावर उभा असलेला विद्यार्थी अशा उपक्रमाने सुमारे तीन स्थाने पुढे सरकतो. इंग्लंडमध्ये सुमारे १०० प्राथमिक शाळांत घेतलेल्या आणि २०१९ साली अहवाल प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर भाषा व गणित या दोन्ही विषयांत अधिक प्रगती आढळली नाही.

त्याच वर्षी डेव्हिड येगर व सहकाऱ्यांनी, ड्वेक यांच्याही सहभागाने, अमेरिकेतील ६५ सार्वजनिक माध्यमिक शाळांत केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी करण्यात आली होती, आणि उपक्रमाचा एकूण वेळ एका तासाहून कमी होता. गुणांनी मागे असलेल्या विद्यार्थ्यांची श्रेणी, सुमारे चार अंकांच्या मापावर, सरासरीने ०.१० अंकाने वाढली. हा परिणाम अल्प खरा. परंतु एका तासाच्या, जवळजवळ बिनखर्चाच्या उपायाने तो घडला, हे ध्यानात घेता तो उपेक्षणीय ठरत नाही. २०२३ साली एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या दोन एकत्रित विश्लेषणांत मात्र मतभेद कायम राहिला. ब्रुक मॅक्नमारा व अलेक्झांडर बर्गॉइन यांनी परिणाम बहुधा सदोष संशोधनपद्धतीचा असल्याचे मत मांडले. जेनी बर्नेट व सहकाऱ्यांनी परिणाम सर्वत्र सारखा नसून विशिष्ट गटांत तो दिसतो, असा निष्कर्ष काढला.

भूमीचा प्रश्न

या मतभेदाचा उलगडा करण्यास सर्वाधिक उपयोगी पडणारा निष्कर्ष येगर यांच्याच प्रयोगातून निघतो. ज्या शाळांत सहाध्यायी कठीण प्रश्न अंगावर घेण्यास अनुकूल होते, तेथे उपक्रम अधिक फळाला आला. २०२२ साली त्याच माहितीवरून असेही दाखविण्यात आले की, गणिताच्या ज्या शिक्षकांची स्वतःची धारणा वर्धिष्णु होती, त्यांच्या वर्गांत विद्यार्थ्यांचे गुण वाढले; ज्यांची स्थिर होती, त्यांच्या वर्गांत वाढले नाहीत. शिकवण एकच, विद्यार्थीही तुल्यबळ. फरक होता तो वर्गाचा. चुकीची दुरुस्ती करण्याची संधी जेथे मिळतच नाही, तेथे चुकीतून शिकता येते हा विश्वास बाळगून विद्यार्थ्याने करावे काय? बीज उत्तम असले तरी ते खडकावर रुजत नाही.

धारणेला कृतीची जोड लागते, हे असामान्य कौशल्याच्या अभ्यासावरूनही दिसते. १९९३ साली अँडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास करून हेतुपूर्वक सरावाचे महत्त्व प्रतिपादन केले. असा सराव म्हणजे नुसती पुनरावृत्ती नव्हे. शिक्षकाने दोष नेमका दाखवावा, आवाक्याच्या किंचित पलीकडचे काम द्यावे आणि परिणाम तत्काळ कळवावा, अशी त्याची रचना असते. तथापि सरावालाही मर्यादा आहे. २०१४ च्या एका विश्लेषणात सरावाने स्पष्ट होणारा कामगिरीतील फरक बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१ टक्के, मैदानी क्रीडांत १८ टक्के आणि शिक्षणात अवघा ४ टक्के आढळला. प्रत्यक्ष सरावाचा वाटा जर इतका मर्यादित, तर सरावावरील नुसत्या श्रद्धेचा वाटा त्याहून मोठा असण्याची अपेक्षा करणे सयुक्तिक होणार नाही.

उपसंहार

वरील विवेचनावरून वर्धिष्णुधारणा निरर्थक आहे, असा अर्थ काढणे योग्य होणार नाही. अपयशाने दाराला कुलूप लागले नाही, एवढे ती विद्यार्थ्यास सांगते. आणि खचलेल्या विद्यार्थ्यास तेवढे सांगितले जाणेही मोलाचे असते. परंतु दारापलीकडे वाट असणे ही दुसऱ्या कोणाची तरी जबाबदारी राहते. मनोधारणेच्या शिकवणुकीचा प्रचारी अवतार येथेच घसरतो. सर्व काही मनावर अवलंबून आहे असे एकदा मान्य केले, की अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास त्याचे मनच कमी पडले, असे सांगण्यास मोकळीक मिळते. पुस्तके, वेळ, पोषण व अध्यापन यांचा हिशेब कोणी विचारत नाही. जुन्या स्थिरधारणेने ज्यास मंदबुद्धी ठरविले, त्यासच नवी शिकवण दुर्बलमनस्क ठरविते. दोष पूर्ववत त्याच्याच माथी राहतो.

उलट, संशोधनाचा सरळ अर्थ असा, की विश्वास हा विद्यार्थ्याला देण्याइतकाच संस्थेने आचरणात आणण्याचा विषय आहे. उत्तरपत्रिका सविस्तर शेरे लिहून वेळेवर परत करणे, पहिल्या मसुद्यानंतर दुसरा लिहू देणे, एका परीक्षेवरून बुद्धीचा निवाडा न करणे, या साध्या शैक्षणिक रीती होत. ज्या विभागात त्या पाळल्या जातात, तेथे बुद्धी वाढते हे निराळे शिकवावे लागत नाही. ज्या विभागात त्या पाळल्या जात नाहीत, तेथील विद्यार्थी असल्या व्याख्यानावर विश्वास ठेवीत नसेल, तर तो त्याच्या धारणेचा दोष म्हणता येणार नाही. ते त्याचे यथार्थ निरीक्षण होय.