निरोगी मासा कसा ओळखावा?



फोंडाघाटच्या बाजारात बांगडा घेताना आपण कल्ला उचलून लाली पाहतो, डोळ्याची चकाकी पाहतो. मेलेल्या माशाची ही पारख आपल्याकडे घरोघर आहे. काचपेटीतल्या जिवंत माशाला मात्र हात लावता येत नाही. त्याला नजरेनेच ओळखावे लागते. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा शोभेचे मासे ही पाहायला जाण्याची गोष्ट होती. आज ते घरात आले आहेत. २०१७ च्या शासकीय कांदळवन उपजीविका योजनेत तर शोभिवंत मत्स्यपालनाला किनाऱ्यावरचा जोडधंदा म्हणून स्थान मिळाले. म्हणजे ही पारख आता हौसेपुरती नाही, पोटाचीही आहे.

खाऱ्या पाण्यातला विदूषक मासा, दुकानदारांचा क्लाऊनफिश, उदाहरणादाखल घेऊ. केशरी अंग, पांढरे पट्टे. त्याच्या डोळ्यापुढे दोन्ही बाजूंना एकेक बारीक छिद्र दिसते. नवख्याला ती जखम वाटते. ती नाकपुडी होय. तिचे काम वास घेण्याचे. श्वास कल्ल्यांनी चालतो. कल्ल्याच्या झाकणाची कड दातेरी असते, तीही जन्मजातच. डुलत डुलत पोहणे ही त्याची नेहमीची चाल. जोडीत मादी मोठी व नर लहान असतो. तेव्हा लहान तो खुरटलेला असे समजू नये. टाकीत पैदास झालेल्या पिलांचे पट्टे कधी तुटके निघतात. ते व्यंग खरे, पण रोग नव्हे.

मग रोग कोणता? गिरणीकामगाराच्या तळहाताला पडलेला घट्टा रोज तसाच असतो. पण सुट्टीनंतर सोमवारी कामावर जाताच छाती आवळू लागली, तर ते कापसाच्या धुळीचे दुखणे असू शकते. माशाचेही तसेच आहे. रचना दोन्ही अंगांना सारखी असते आणि काल होती तशी आज असते. रोग बदल घडवतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके उठणे, कातडीवरून बुळबुळीत थर सुटणे, कल्ले धापा टाकल्यासारखे हलणे, परे मिटून कोपऱ्यात राहणे, अन्न सोडणे, ही खरी लक्षणे होत. थर सुटणारा ब्रुकलिनेला हा रोग काही दिवसांतच मासा नेतो. तेथे दिरंगाई परवडत नाही.

उलट निरोगी माशाला औषध पाजणेही घातकच. तांबे असलेल्या औषधाने त्याच टाकीतले समुद्रपुष्प मरते. म्हणून शंका येताच प्रथम पाणी तपासावे, आजारी मासा वेगळ्या टाकीत ठेवावा, औषध जाणत्याला विचारून तेथेच द्यावे.

याकरिता खर्च काहीच नाही. रोज खाणे घालताना पाच मिनिटे मासा पाहावा, शांत असताना तो मिनिटाला किती वेळा कल्ला हलवतो ते मोजून वहीत लिहावे. ज्याने निरोगी मासा नीट पाहिला आहे, त्यालाच आजारी मासा वेळेवर ओळखता येतो.