मोडका हत्ती आणि आजोबांचा धोटा

मुलांनो, ‘सहल वस्तुसंग्रहालयात जाणार’ असं सांगितलं की वर्गात काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. “बाई, वॉटर पार्कला जाऊ या ना!” हे ठरलेलं. यंदा आमच्या चौथीच्या वर्गाने तर वेगळाच सूर लावला. “राणीच्या बागेतच जायचंय ना? मग आधी पेंग्विन!”

मुंबईत भायखळ्याला राणीची बाग आहे. तिच्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. हे मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय. आमची शाळा तिथून फार लांब नाही, लालबागच्या बाजूची. तरी चाळीस मुलांपैकी पेंग्विन पाहून आलेली तीस आणि संग्रहालयात शिरलेली फक्त दोन!

आवारात शिरताच एक भलामोठा दगडी हत्ती दिसला. सगळे तिकडे धावले. चष्मेवाल्या एका पोराने निरखून पाहिलं आणि म्हणाला, “बाई, हा जोडलाय! सांधे दिसतायत.”

शाबास! हा हत्ती मूळचा घारापुरीच्या बेटावरचा. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिलं. १८१४ साली त्याचं डोकं आणि मान निखळून पडली. पुढे १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलायला गेले आणि हत्तीचे तुकडे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला आणले गेले. १९१४ साली कुणीतरी चिकाटीने ते जुळवले आणि हत्ती पुन्हा उभा राहिला. नाहीतर तुम्ही आम्ही त्याला पाहिलंच नसतं.

मग आत गेलो. उंच छत, सोनेरी नक्षी, रंगीत खांब. सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले. एका नकाशापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटं. मधल्या खाड्या बुजवून त्यांचं एक शहर झालं. “म्हणजे पूर्वी परळहून वरळीला होडीने जात असतील?” एकाने विचारलं. पेंग्विन आता सगळे विसरले होते.

वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या आहेत. जुन्या मुंबईतले लोक कसे राहत, काय नेसत, डोक्याला काय बांधत ते त्या दाखवतात. तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या मोजण्यात मुलं रंगून गेली. वर्गातली एक मुलगी मात्र एकेका कपाटापुढे जाऊन काहीतरी शोधत होती. ही एरवी अगदी अबोल. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाली, “बाई, यांच्यात माझे आजोबा नाहीत.”

“तुझे आजोबा काय करायचे गं?”

“गिरणीत होते. साच्यावर.”

मला एकदम उत्तर सुचलं नाही. मग मी तिला विचारलं, “आजोबांचं काही जपून ठेवलंयत का घरी?”

“एक पेटी आहे. पण आमची चाळ पाडणार आहेत. नव्या जागेत पेटी मावणार नाही. पप्पा म्हणाले, रविवारी भंगारवाल्याला देऊ.”

तो दिवस शुक्रवार होता.

निघताना हत्तीपाशी बसून आम्ही डबे खाल्ले, तेव्हा मी मुलांना या संग्रहालयाचीच गोष्ट सांगितली. सुरुवातीला इथल्या वस्तू किल्ल्यातल्या एका बराकीत ठेवलेल्या होत्या. १८५७ चा उठाव झाला आणि बराक सैनिकांसाठी हवी झाली. झालं! वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या. कितीतरी मोडल्या. उरलं सुरलं गोळा करून टाउन हॉलमध्ये नेलं गेलं. पण काही माणसं म्हणाली, नाही, या वस्तूंना स्वतःचं घर हवं. त्यांत नाना शंकरशेट होते, डॉ. भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजी हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. जुन्या शिलालेखांचे मोठे अभ्यासक आणि मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ. लोकांनी वर्गणी काढली. १८६२ साली पायाभरणी झाली आणि १८७२ साली ही इमारत लोकांसाठी उघडली. १९७५ साली तिला भाऊ दाजींचं नाव दिलं.

“म्हणजे या वस्तू पण भंगारातच जाणार होत्या!” चष्मेवाला म्हणाला. ती मुलगी काहीच बोलली नाही. डबा मात्र तिने अर्धाच खाल्ला.

सोमवारी प्रार्थनेनंतर ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. “बाई, गिरणीचा पास होता, फोटोवाला. तो रद्दीत आधीच गेला. हे मी काढून घेतलं. पेटीवर बसूनच राहिले.”

कागदात लाकडाचा एक धोटा निघाला. होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. टोकांवर लोखंड, आणि मधली जागा पोकळ.

त्याच आठवड्यात तिचे आजोबा वर्गात आले. आधी नको नको म्हणत होते. “मी काय सांगणार पोरांना?” पण धोटा हातात घेतला आणि त्यांचे हात आपोआप चालू लागले. कापडात उभे धागे असतात तो ताणा, आडवे असतात तो बाणा. पोकळीत सुताची कांडी बसवायची. साचा सुरू झाला की धोटा खटाखट इकडून तिकडे पळतो आणि ताण्यातून बाणा ओढून नेतो. “आवाज एवढा, की आम्ही खुणेनेच बोलायचो,” असं म्हणून त्यांनी हातवाऱ्यांनी ‘जेवलास का?’ विचारून दाखवलं. सगळा वर्ग हसला आणि लगेच तसंच करू लागला.

मग एकाने विचारलं, “आजोबा, गिरणी का सोडली?”

आजोबा थोडा वेळ गप्प झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुष्कळांना पुन्हा काम मिळालंच नाही, आणि गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. आजोबा एवढंच म्हणाले, “आम्ही नाही सोडली बाळा. तीच सुटली.” नात त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. नंतर ती मला म्हणाली, “बाई, हे घरी कधीच सांगितलं नव्हतं त्यांनी.”

आता आमच्या वर्गातला एक कप्पा म्हणजे ‘चौथीचं संग्रहालय’ झालं आहे. धोटा पहिला. मग पणजीच्या खानावळीतला मोठा डाव आला. तिच्याकडे गिरणीतले पंचवीस जण जेवायला असत. रॉकेल मोजायचं माप आलं, धान्याचा शेर आला. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी आहे. ही कुणाची, कशासाठी वापरत, कुणी सांगितलं. चिठ्ठी नसेल तर वस्तू मुकी होते. धोट्याशेजारी एक रिकामा चौकोन आखला आहे. त्यात लिहिलंय, ‘इथे आजोबांचा पास असायला हवा होता.’

मुलांनो, तुमच्या गावात, शहरात संग्रहालय असेल तर या सुट्टीत जरूर जा. भायखळ्याला येणार असाल तर बुधवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं. पण जाण्याआधी घरातला माळा, आजीची ट्रंक, कपाटावरचा डबा एकदा बघा. एखादी वस्तू उचला आणि विचारा, “आजी, हे काय आहे?”

आणि हो, विचारायचं ते रद्दीवाला येण्याआधी!