प्रयोगशाळेचे बियाणे

भंडारा हा धानाचा जिल्हा. तुमसर तालुक्यात आंबागडच्या किल्ल्याच्या परिसरात धानाची रोवणी करणाऱ्या शेतकऱ्याला शुद्ध बियाण्याचे महत्त्व कोणी पटवून देण्याची गरज नाही. एकाच बांधीत दोन वाणांची भेसळ झाली की काही लोंब्या आधी पिकतात, काही मागाहून, आणि कापणीचा मेळ बसत नाही. म्हणूनच पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित अशी बियाण्याची उतरंड आपल्याकडे सांभाळली जाते. तेवढ्यासाठी १९७६ साली राज्य बियाणे महामंडळ स्थापन झाले. अकोल्याचे ‘महाबीज’ ते हेच. कर्करोगाच्या संशोधनालाही असेच शुद्ध बियाणे लागते, याची जाणीव मात्र सुशिक्षितांतही क्वचितच आढळते. ते बियाणे म्हणजे उंदीर.

हा उंदीर कणगी पोखरणारा नव्हे. सलग २० पिढ्या सख्ख्या भावाबहिणींचा संकर घडवून आणल्यानंतरच उंदरांच्या एखाद्या वंशाला शुद्ध वाण ही संज्ञा मिळते. तोपर्यंत त्यातील शेकडा ९८ हून अधिक जनुकजोड्या एकजिनसी झालेल्या असतात, आणि त्या वाणाचे सर्व उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे असतात. मादीचे गर्भारपण अवघे तीन आठवड्यांचे असले, तरी वर्षाकाठी तीन-चार पिढ्यांपलीकडे मजल जात नाही. म्हणजे एक वाण सिद्ध होण्यास पाच ते सात वर्षे लागतात, आणि पुढे ते टिकविण्यास अंत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? समजा, एका नव्या औषधाची परीक्षा करावयाची आहे. उंदरांत गाठीचे रोपण करून निम्म्यांना औषध दिले, निम्म्यांना दिले नाही. उंदीर निरनिराळ्या रक्ताचे असतील, तर परकी गाठ त्यांचे शरीर आपणहून झिडकारते. गाठ विरते ती त्यामुळे, आणि श्रेय मात्र औषधाच्या पदरात पडते! गाठ ज्या वाणाची, त्याच शुद्ध वाणाचे उंदीर घेतले, तरच ती तग धरते आणि औषधाचा खरा गुण किंवा अवगुण उघड होतो.

या विद्येचा पाया अमेरिकेत क्लॅरेन्स लिटल यांनी १९०९ मध्ये घातला. त्यांनीच १९२९ मध्ये बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. तेथे १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी स्तनाचा कर्करोग हमखास होणाऱ्या वाणाची पिल्ले जन्मताच निरोगी वाणाच्या माद्यांना पाजली, तेव्हा त्यांच्यातील रोगाचे प्रमाण बरेच घटले. रोगाचा एक कारक आईच्या दुधातून जातो, हे त्यावरून कळले. पुढे तो विषाणू ठरला. दोन्ही वाण शुद्ध नसते, तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

महाराष्ट्रही या कामात मागे नव्हता. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कमल रणदिवे या तरुण संशोधिका काम करू लागल्या. पुण्याच्या हुजूरपागेतून आणि फर्ग्युसनमधून शिकलेल्या कमलाबाईंनी त्यापूर्वी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला होता. वनस्पतींचे वाण जाणणारी ही दृष्टी उंदरांच्या वाणांकडे वळली. कर्करोगाला कमी-अधिक बळी पडणाऱ्या चार वाणांच्या स्तनग्रंथींची तुलना खानोलकर आणि रणदिवे यांनी चाळीसच्या दशकात केली. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि त्याच केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ‘आयसीआरसी’ हे नाव घेऊन मुंबईचा स्वतःचा उंदीर शास्त्रीय वाङ्मयात दाखल झाला. या वाणात स्तनाच्या गाठींचे प्रमाण मोठे. त्याच्या एका शाखेत अन्ननलिका फुगण्याचा आनुवंशिक विकारही आढळला, आणि माणसातील तशाच व्याधीच्या अभ्यासास ती उपयोगी ठरली.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने प्रयोगप्राण्यांविषयीचे आपले केंद्र १९५७ मध्ये याच संस्थेत उघडले. १९७६ मध्ये ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे गेले. रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. पिंजरे धुणाऱ्या, वंशावळीच्या नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांना पदके मिळत नसतात. पण एका पिंजऱ्याची चिठ्ठी चुकली, तर २० पिढ्यांची पुण्याई एका रात्रीत बुडते.

ही भीती काल्पनिक नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत शुद्ध म्हणून विकल्या गेलेल्या एका प्रसिद्ध वाणात भेसळ असल्याचे उघडकीस आले, आणि त्यावर आधारलेल्या प्रयोगांविषयी शंका निर्माण झाली. याउलट १९४७ च्या वणव्यात जॅक्सन प्रयोगशाळा जळाली आणि हजारो उंदीर मेले, तेव्हा पूर्वी तेथून ज्यांना उंदीर मिळाले होते, त्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या जोड्या परत पाठवल्या. बियाणे शेजाऱ्याला दिलेले असले म्हणजे आपली कोठी बुडाली तरी पेरणी राहत नाही, हा शेतकऱ्याचा जुना अनुभव तेथेही खरा ठरला.

मुक्या प्राण्यांना यातना देण्याचा आपल्याला अधिकार काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम त्यासाठीच आहेत, आणि जेथे प्राण्यांवाचून भागते, तेथे भागवलेच पाहिजे. परंतु उंदीर एकसारखे असले म्हणजे थोड्यांत निर्णय लागतो. भेसळ असली की संख्या वाढवावी लागते, आणि तरीही निष्कर्ष डळमळीतच राहतो. म्हणजे शुद्ध वाण राखणे हे भूतदयेच्याही बाजूचे आहे. उंदीर बरा झाला म्हणून माणूस बरा होतोच असे नाही, हेही खरे. पण उंदरावरचाच निष्कर्ष चुकीचा असेल, तर पुढची वाट आंधळी होते.

खर्रा खाऊन तोंडाला गाठ आलेला रुग्ण आपल्या विदर्भात दुर्मीळ नाही. नागपूरच्या रुग्णालयात त्याच्या हाती पडणाऱ्या औषधाची वंशावळ शोधत गेले, तर ती बहुधा अशाच एखाद्या पिंजऱ्याशी पोहोचते. म्हणून मोठ्या यंत्रांच्या खरेदीत जी तत्परता दिसते, ती येथेही दिसावी. प्राणिगृहांतील जागा कायम व प्रशिक्षित माणसांनी भरलेल्या असाव्यात, प्रत्येक मोलाच्या वाणाचे गोठवलेले गर्भ दोन ठिकाणी जपलेले असावेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या संशोधकालाही शुद्ध उंदीर परवडणाऱ्या दरात मिळावेत. धानाच्या बियाण्यासाठी आपण जे शहाणपण दाखवले, तेच येथे दाखवणे अवघड नाही. पीक डोळ्यांत भरते, बियाणे भरत नाही. पण बियाण्याची आबाळ करणाऱ्याने पिकाची आशा धरू नये.