राहण्याचा दाखला

ठाणे शहराच्या हद्दीत, मुंब्र्याजवळ, शीळफाटा आहे. तेथे ४ एप्रिल २०१३ रोजी सात मजल्यांची एक इमारत कोसळली. ७४ माणसे मरण पावली. वर बांधकाम चालू होते आणि खाली कुटुंबे राहत होती. त्या इमारतीला महानगरपालिकेची परवानगीच नव्हती.

अशा बांधकामाला अनधिकृत बांधकाम म्हणतात. महाराष्ट्रात त्यासाठी १९६६ चा नगररचना कायदा आहे. इमारत, जमीन, नकाशा हे शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचे आहेतच. हा नकाशा आधी महानगरपालिकेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. जमीन कोणाची, रस्ता किती रुंद, आगीचा बंब आत येईल का, हे तेथे पाहतात. मग काम सुरू करण्याचा दाखला मिळतो. काम संपल्यावर आणखी एक दाखला लागतो. त्याचे नाव भोगवटा प्रमाणपत्र. शब्द जरा अवघड आहे. 'आता येथे राहण्यास हरकत नाही', एवढाच त्याचा अर्थ.

वीज आली, घरपट्टीची पावती मिळाली, की घर अधिकृत झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. बांधणारा मात्र खोल्या घाईघाईने भरतो. कारण माणसे राहत असलेली इमारत पाडणे महानगरपालिकेला जड जाते. स्वस्त खोली शोधणाऱ्या गरिबाला हे कोण सांगणार? सगळा दोष त्याच्या माथी मारणे मला पटत नाही. शीळफाट्याच्या प्रकरणात बांधणाऱ्यांबरोबर महानगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली होती.