चेन-सॉचा चाप पुनः बसवितांना

इ. स. २०२० च्या जूनच्या ३ तारखेस ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, आणि रायगड जिल्ह्यांतील नारळी-पोफळींच्या पुष्कळ वाड्या आडव्या झाल्या. पडलेलीं झाडें रस्त्यांवरून दूर करण्यास जी पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत उपयोगी पडली, तीच चेन-सॉ. आतां बागाईतदारांच्या घरींही ती दिसते. आणि ज्या घरीं यंत्र, त्या घरीं तें उघडून पाहण्याची हौस असावयाचीच! उघडणें सोपें, परंतु मुठींतील चाप पुनः जसाच्या तसा बसविणें तितकें सोपें नाहीं. तें कसें करावें, हें येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

मागच्या मुठीच्या खालच्या अंगास तर्जनीनें ओढावयाचा चाप असतो. तो ओढला म्हणजे एक बारीक सळई (कित्येक यंत्रांत तार) सरकते, कार्बुरेटरमधील झडप उघडते व इंजिनाचा वेग वाढतो. मंद गतींत साखळी स्थिर असते. वेग वाढतांच क्लचमधील वजनें बाहेर फेकलीं जाऊन भोंवतालच्या ढोलास भिडतात व साखळी फिरूं लागते. म्हणून मुठीच्या वरच्या अंगास दुसरा एक तुकडा असतो; त्यास आपण अडसर म्हणूं. तळहातानें अडसर दाबल्यावांचून चाप हलत नाहीं. रानांतून जातांना एखादी डहाळी चापांत अडकली तरी साखळी फिरूं नये, एवढ्यासाठीं ही योजना.

काम आरंभण्यापूर्वीं इंजिन थंड होऊं द्यावें व स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. यांत आळस करणाऱ्यानें यंत्रास हातच लावूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

खरी मेख स्प्रिंगची. कित्येक यंत्रांत एकच पिळाची स्प्रिंग दोन्ही कामें करते: तिचा एक पाय चापास मागें लोटतो, दुसरा अडसर वर उचलून धरतो. एखादा पाय आपल्या खांचेंतून निसटला तरी झांकण खुशाल बसतें, इंजिनही सुरू होतें, आणि बसविणारास वाटतें, काम फत्ते झालें! मात्र पुढें चाप सोडूनही वेग उतरत नाहीं, किंवा अडसर नुसता शोभेपुरता उरतो. म्हणून सुटें करतांनाच पायांच्या जागांचें चित्र काढून ठेवावें. मोबाईलवरील छायाचित्र त्याहून उत्तम.

बसवितांना सळईचें वांकडें टोंक प्रथम चापाच्या भोंकांत अडकवावें. पिन बसल्यावर तेथें बोट शिरत नाहीं. मग स्प्रिंगचे पाय ओढून दोऱ्यानें बांधावे, चाप मुठींत सरकवावा, आणि पिनेहून किंचित् बारीक खिळा घालून सर्व भोंकें एका रेषेंत आणावीं. खऱ्या पिनेनें तो खिळा पुढें ढकलीत न्यावा, म्हणजे मध्यंतरीं कांहीं निसटत नाहीं. पाय खांचांसमोर आले, कीं दोरा कापून ओढून घ्यावा. मूठ बहुधा प्लॅस्टिकची. तिला हातोडीचे घाव सोसत नाहींत. तेलही घालूं नये. त्यावर भुसा चिकटून चाप जड होतो. विद्यार्थ्यांनीं दिवा धरावा व स्क्रू वाटींत जपावे. तेंही काम हलकें नव्हे.

परीक्षा इंजिन बंद असतांनाच घ्यावी. अडसर न दाबतां चाप हलतां कामा नये. अडसर दाबून ओढल्यास तो पुरता मागें यावा, आणि सोडतांच दोन्ही आपोआप झटकन् मूळ जागीं जावे. बोटानें परत लोटावा लागणारा चाप पुनः उघडावा. मगच प्लगची टोपी लावून, यंत्र जमिनीवर ठेवून व साखळीचा ब्रेक लावून वडील मंडळींनीं इंजिन सुरू करावें. ब्रेक सोडल्यावर मंद गतींत साखळी जागची हलली, तर यंत्र तत्काळ बंद करावें.