आमाल्फीचा किनारा : वाहनाची निवड

दक्षिण इटलीत नेपल्सच्या उपसागराला सालेर्नोच्या आखातापासून अलग करणारे एक चिंचोळे द्वीपकल्प नैर्ऋत्येच्या दिशेने समुद्रात घुसले आहे. लात्तारी नावाची पर्वतरांग हा त्याचा कणा होय. या रांगेतील सर्वोच्च शिखर १,४४४ मीटर उंच असून तेथून दक्षिणेचा समुद्र केवळ काही किलोमीटरांवर आहे. एवढ्या थोड्या अंतरात एवढी उंची उतरावयाची म्हटल्यावर डोंगराला उतार असा उरतच नाही. राहतात ते कडे. द्वीपकल्पाच्या उत्तर अंगाला, नेपल्सकडे तोंड करून, सोरेन्टो हे नगर थोड्याशा सपाटीवर ऐसपैस वसले आहे. दक्षिण अंगाला मात्र पोझितानो, प्रायानो, आमाल्फी, आत्रानी, मिनोरी, मायोरी, चेतारा ही गावे जेथे एखादा ओढा डोंगर चिरून समुद्राला मिळतो तेथे, किंवा कड्याच्या एखाद्या खांद्यावर, कशीबशी जागा धरून राहिली आहेत. हाच आमाल्फीचा किनारा. १९९७ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला.

हा किनारा पाहावयास निघालेल्या प्रवाशापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मुक्कामाचा नव्हे, वाहनाचा. रोम किंवा फ्लॉरेन्स येथे हा प्रश्न गौण आहे. कोणत्याही वाहनाने गेले तरी रोम तेच असते. येथे तसे नाही. किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा रस्ता एकच आहे आणि त्यावर कोणी, केव्हा व कशातून जावे यावर प्रवाशाच्या आनंदाप्रमाणेच तेथील रहिवाशांचे दैनंदिन जीवनही अवलंबून आहे.

हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय मार्ग क्रमांक १६३. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, नेपल्सवर बूर्बोन घराण्याचे राज्य असताना, तो कडे फोडून काढण्यात आला. त्यापूर्वी या गावांचा एकमेकांशी व्यवहार चाले तो होडीने, नाहीतर खेचरांच्या पायवाटांनी. सोरेन्टोजवळच्या मेता गावापासून सालेर्नोच्या उंबरठ्यावरील व्हिएत्रीपर्यंत या रस्त्याची लांबी सुमारे ५० किलोमीटर भरते. घोडागाडीच्या मापाने आखलेला हा मार्ग आजही फारसा रुंद झालेला नाही आणि होणेही नाही, कारण एका अंगाला कातळ आहे व दुसऱ्या अंगाला पोकळी. अनेक ठिकाणी समोरासमोर आलेल्या दोन मोठ्या गाड्यांपैकी एकीला मागे सरकून वाट करून द्यावी लागते. आंधळ्या वळणांवर चालक भोंगा वाजवितात तो सवयीने नव्हे, गरजेने.

स्वतंत्र मोटार भाड्याने घ्यावी, हा विचार प्रवाशाच्या मनात सर्वप्रथम येतो. वाटेल तेथे थांबता येईल, वेळापत्रकाचे बंधन राहणार नाही, ही त्यामागील कल्पना. प्रत्यक्षात या किनाऱ्यावर वाटेल तेथे थांबता येत नाही. थांबावयास जागाच नाही. गावांतील वाहनतळ मोजके व महागडे आहेत. आमाल्फीने तर आत्रानीच्या बाजूला डोंगराच्या पोटात कोरून वाहनतळ केला आहे, यावरूनच जागेची टंचाई किती आहे हे ध्यानात यावे. त्यातून मोटार हाकणाऱ्याचे लक्ष सदैव समोरच्या वळणावर खिळलेले असते. ज्या समुद्रासाठी तो एवढ्या लांबून आला, तो समुद्र त्याच्याखेरीज गाडीतील सर्वांना दिसतो. भारतीय प्रवाशाला आणखी एक अडचण आहे. इटलीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. सरळ महामार्गावर ही सवय तासाभरात अंगवळणी पडते. परंतु अरुंद घाटात अचानक बस समोर आली की हात जुन्या सवयीनेच वळतात. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून नेणे आवश्यक आहे, हे सांगावयास नकोच.

२०२२ सालापासून या विचाराला नियमाचाही अडसर आला. गर्दीच्या दिवसांत, म्हणजे संपूर्ण ऑगस्ट महिन्यात आणि उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी, सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत खाजगी मोटारींना एक दिवसाआडच या रस्त्यावर प्रवेश देण्याची पद्धत तेव्हा सुरू झाली. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा अंक सम आहे की विषम, यावरून कोणाचा दिवस कोणता हे ठरते. भाड्याने घेऊन स्वतः चालविलेली मोटार यातून सुटत नाही. बस, टॅक्सी व स्थानिक रहिवाशांची वाहने सुटतात. भाड्याच्या मोटारीचा शेवटचा अंक कोणता निघेल हे प्रवाशाच्या हाती नसते, तेव्हा आधीच आखलेला कार्यक्रम एका अंकापायी कोलमडू शकतो.

हा नियम काहींना जाचक वाटतो. परंतु रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनेही त्याकडे पाहावयास हवे. या किनाऱ्यावर तेरा ग्रामपालिका आहेत. तेथील मुलांना शाळेत, लिंबांच्या बागा राखणाऱ्यांना बाजारात आणि हॉटेलांतून काम करणाऱ्यांना कामावर याच मार्गाने जावे लागते. राव्हेल्लोच्या हद्दीत कास्तिल्योने येथे एक छोटे रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी रुग्णाला सालेर्नोला न्यावे लागते. ऑगस्टमधील एखाद्या दुपारी दोन बसगाड्या व एक चुकीच्या जागी उभी केलेली मोटार मिळून सारा रस्ता अडवितात, तेव्हा त्या रांगेत रुग्णवाहिकाही असू शकते. निसर्गही या रस्त्याला अधूनमधून आपला धाक दाखवितो. ऑक्टोबर १९५४ मधील अतिवृष्टीने व्हिएत्री, मायोरी, मिनोरी आणि सालेर्नो या भागात तीनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. फेब्रुवारी २०२१ मध्ये आमाल्फी येथे कड्याचा मोठा भाग रस्त्यावर कोसळला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, परंतु मार्ग अनेक आठवडे बंद राहिला. जेथे दुसरी वाट नाही, तेथे वाट अडणे याचा अर्थ काय, हे त्या वेळी पुन्हा दिसून आले.

मग मोटारीवाचून जावे कसे? रेल्वे या किनाऱ्याला स्पर्श करीत नाही. ती दोन्ही टोकांना येऊन थांबते. पश्चिमेला नेपल्सहून सोरेन्टोपर्यंत व्हेसूव्हियसला वळसा घालून जाणारी अरुंद मापाची लोहमार्ग-शाखा आहे. १९४८ साली ती सोरेन्टोला पोहोचली. सव्वा तासाच्या या प्रवासात वाटेवर पोंपेईचे अवशेष लागतात. गाड्या साध्या व बहुधा खच्चून भरलेल्या असतात. पूर्वेला सालेर्नो हे मुख्य मार्गावरील स्थानक असून रोम व नेपल्स येथून जलद गाड्या तेथे येतात. जुलै २०२४ पासून सालेर्नोजवळच्या विमानतळावर प्रवासी विमानेही नियमित येऊ लागली आहेत. बहुतेक प्रवासी सोरेन्टोच्या नावाला भुलून पश्चिमेकडून येतात. उन्हाळ्यात मात्र सालेर्नोकडून येणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण तेथे रेल्वे स्थानकापासून नौकेच्या धक्क्यापर्यंत पायी जाण्यास काही मिनिटेच लागतात.

नौका हे या किनाऱ्याचे सर्वांत जुने वाहन. दर्यावर्दी प्रजासत्ताक म्हणून आमाल्फीचा दरारा भूमध्य समुद्रावर होता तेव्हा तेथे रस्ता नव्हता आणि त्याची उणीवही कोणाला भासत नव्हती. सालेर्नो ते आमाल्फी हे अंतर नौका सुमारे ३५ मिनिटांत कापते. तेथून पोझितानो आणखी २५ मिनिटांवर आहे. रस्त्याने याच प्रवासाला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, आणि रस्ता खोळंबला तर हिशेबच नाही. परंतु नौकेचा खरा लाभ वेळेचा नव्हे. रस्त्यावरून जाणाऱ्याला समुद्र दिसतो, किनारा दिसत नाही. कारण तो स्वतः किनाऱ्यावरच असतो. पाण्यातून मात्र तो तळापासून माथ्यापर्यंत एका दृष्टिक्षेपात उभा राहतो : खाली खडकांशी फुटणाऱ्या लाटा, त्यावर एकावर एक रचल्यासारखी घरे, रंगीत कौलांनी मढविलेले चर्चचे घुमट, त्यांच्याही वर दगडी बांधांनी तोललेल्या लिंबांच्या बागा आणि सर्वांच्या शेवटी चेस्टनटची राने. त्या रानांतील खांबांवरच बागांचे मांडव उभे असतात. भूशिरांवरील दगडी बुरूज सोळाव्या शतकात समुद्रमार्गे येणाऱ्या हल्लेखोरांवर पाळत ठेवण्यासाठी बांधले गेले. साहजिकच, त्यांची योजना समुद्रावरूनच नीट उमगते.

नौकेला मर्यादा आहेत आणि त्या विसरून चालणार नाही. तिचा हंगाम साधारणतः एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच असतो. वारा वाढला, समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात व त्याची सूचना कित्येकदा ऐन वेळीच मिळते. ज्या दिवशी परतीचे विमान वा रेल्वेगाडी गाठावयाची आहे, त्या दिवशी केवळ नौकेवर विसंबणे धोक्याचे. भाडेही बसच्या काही पट पडते. शिवाय ती नेते फक्त पाण्याच्या काठापर्यंत. पोझितानोत उतरलेल्या प्रवाशाला वाळूतूनच जिने चढावे लागतात. त्या गावात मोटारींचा अंतर्गत रस्ता एकच असून तोही एकेरी आहे; बाकी सारे व्यवहार पायऱ्यांवरून चालतात. जड सामान घेऊन आलेल्या माणसाला तेथील सौंदर्य पहिल्या तासात तरी दिसत नाही.

बस वर्षभर चालते आणि सर्वांत स्वस्त पडते. सोरेन्टो ते आमाल्फी व आमाल्फी ते सालेर्नो असे तिचे दोन मुख्य टप्पे आहेत. पहिल्यास पावणेदोन तास व दुसऱ्यास सव्वा तास धरावा, आणि गर्दीच्या दिवसांत याहून अधिक. तिकिटे आधीच तंबाखूच्या दुकानांतून किंवा उपाहारगृहांतून विकत घेऊन ठेवावीत. दारावर ‘टी’ हे अक्षर असलेली दुकाने ती हीच. सोरेन्टोहून पूर्वेकडे जाताना बस समुद्राच्या बाजूने धावते, म्हणून उजवीकडील खिडकी धरावी. परतताना हा लाभ उणावतो. वळणांमुळे ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची जागा पाहावी आणि न्याहारी बेतानेच करावी. बसचा मोठा दोष असा की आरंभस्थानी ती भरली म्हणजे मधल्या थांब्यांवर थांबत नाही. पोझितानो किंवा प्रायानो येथे भर उन्हात एकामागून एक भरलेल्या बसगाड्या निघून जाताना पाहण्याची पाळी जुलै-ऑगस्टमध्ये अनेकांवर येते. यावर उपाय दोनच : सकाळी लवकर निघावे, किंवा जेथून बस सुटते तेथेच मुक्काम करावा. या दृष्टीने आमाल्फी हे गाव सोयीचे आहे. सोरेन्टो, सालेर्नो व राव्हेल्लो या तिन्ही दिशांच्या बसगाड्या तेथूनच सुटतात आणि नौकेचा धक्काही त्याच चौकाला लागून आहे.

स्कूटरविषयी थोडक्यात सांगता येईल. चित्रपटांनी तिला येथे फार मान मिळवून दिला आहे. ज्याला डोंगरी रस्त्याचा आणि उजव्या बाजूने वाहन हाकण्याचा दोन्हींचा सराव आहे, त्याने ती वसंतात वा शरदात घ्यावी. इतरांनी तिचा मोह टाळावा. चालकासह टॅक्सी महाग पडते. मात्र वृद्ध माणसे बरोबर असतील, गुडघेदुखी किंवा हृदयविकार असेल, तर तोच खर्च सार्थकी लागतो. चार-पाच जणांत तो विभागला जातो आणि वाहनतळाची विवंचना चालकाकडे राहते.

राव्हेल्लो या गावाचा विचार वेगळा करावयास हवा. ते समुद्रकाठी नाही. आमाल्फीच्या मागे सुमारे ३५० मीटर उंचीवर एका कड्याच्या माथ्यावर आहे. तेथील रूफोलो वाड्याची बाग १८८० साली रिचर्ड वॅग्नरने पाहिली आणि आपल्या ‘पार्सिफाल’ या संगीतिकेतील मायावी उद्यान आपल्याला सापडले असे त्याला वाटले. दरवर्षी उन्हाळ्यात तेथे संगीतोत्सव भरतो. नौका येथे निरुपयोगी. आमाल्फीहून छोटी बस सुमारे अर्ध्या तासात वर नेते, आणि वर जाण्यास तीच घ्यावी. उतरताना मात्र पायांवर विश्वास टाकण्यास हरकत नाही. राव्हेल्लोहून मिनोरीकडे व आत्रानीकडे उतरणाऱ्या जुन्या पायऱ्यांच्या वाटा लिंबांच्या बागांमधून जातात आणि तासाभरात माणूस समुद्रकाठी येतो. या वाटा रस्त्याहून कितीतरी जुन्या आहेत. चढ फार असल्याने काही ठिकाणी बांधकामाचे दगड आणि लिंबांच्या पेट्या अजूनही खेचरांच्या पाठीवरून जातात.

ज्यांना चालण्याची अधिक हौस आहे त्यांच्यासाठी ‘देवांची वाट’ या नावाने ओळखली जाणारी पायवाट आहे. आजेरोला पठारावरील बोमेरानो वाडीपासून पोझितानोच्या वरच्या अंगाला असलेल्या नोचेल्लेपर्यंत ती सहा-सात किलोमीटर जाते. ती बोमेरानोकडूनच चालावी, कारण त्या दिशेने उतार अधिक आणि समोर काप्री बेट सतत दृष्टीस पडते. आमाल्फीहून बोमेरानोला बस आहे. नोचेल्लेहून पोझितानोच्या रस्त्यापर्यंत दीड हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे कुरकुरत असतील तर तेथून गावची छोटी बस मिळते. पोझितानोहून शेवटच्या नौकेने आमाल्फीला परतावयाचे ठरविले असेल, तर तिची वेळ सकाळीच धक्क्यावर विचारून घ्यावी. ती चुकली तर परतीसाठी बसचाच आधार उरतो. त्या बसचा पूर्वेकडील थांबा समुद्राच्या वाळूपासून बराच वर, पुन्हा पायऱ्यांच्या शेवटी आहे.