मांजराचा श्वास

आपल्या मंडळात माणसांचे डॉक्टर इतके आहेत की स्नेहसंमेलनात कोणाला साधा ठसका लागला तरी चार कार्डिऑलॉजिस्ट पाण्याचा पेला घेऊन धावतात. मांजरांचा डॉक्टर मात्र माझ्या माहितीत एकही नाही. मीही नाही. माझ्या नावामागे जे 'डॉक्टर' लागते ते इंजिनिअरिंगचे, आणि पोट भरतो ते कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहून. तरीही हा लेख लिहायला बसलो आहे, कारण गेल्या वर्षभरात मंडळातल्या तीन घरांतून मला फोन आले आणि तिन्ही फोनांचा मजकूर एकच होता : "अहो, तुमच्याकडे मांजर आहे ना? आमची कशीतरीच श्वास घेतेय. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?"

या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले आहे, आणि ते स्वतःलाच.

आमची मनी २०१२ साली शेल्टरमधून आली. राखाडी पट्ट्यांची, सात वर्षे एकदाही न शिंकलेली. २०१९च्या जानेवारीत आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. घरात तीस-पस्तीस माणसे. मनी सकाळपासून कपाटात कोटांच्या मागे जाऊन बसली होती. पाहुण्यांना बिचकली असेल, असे आम्ही म्हटले. जेवली नाही, तेव्हाही तेच म्हटले. रात्री दहाला सगळे गेल्यावर मुलीने तिला शोधले, तेव्हा ती पोट जमिनीला टेकवून, कोपरे अंगापासून दूर काढून, मान पुढे ताणून बसली होती आणि तोंड उघडे होते.

इथे पहिली गोष्ट सांगतो. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो तो अंग थंड करण्यासाठी. तो त्याचा रोजचा व्यवहार आहे. मांजराचे तसे नाही. फार खेळल्यावर किंवा मोटारीत घाबरल्यावर एखादे मांजर मिनिटभर तोंडाने श्वास घेईलही, पण ते काही मिनिटांत थांबले पाहिजे, आणि तेवढेसुद्धा पशुवैद्याच्या कानावर घालावे. स्वस्थ बसलेले मांजर तोंडाने श्वास घेत असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. हिरड्या पांढऱ्या, करड्या किंवा निळसर दिसल्या तरीही नाही. (ज्यांच्या हिरड्या मुळात काळ्या असतात त्यांची जीभ पाहावी.) मांजर घुरघुरते आहे म्हणजे सुखात आहे, हेही खरे नाही. दुखत असताना, जीव घाबरा झालेला असतानाही मांजरे घुरघुरतात.

त्या रात्री मी आणखी दोन चुका केल्या. मनीला छातीशी घट्ट धरून तिचे तोंड उघडून आत काही अडकले आहे का ते पाहिले. ती जिवाच्या आकांताने झटापट करत राहिली. मग पिंजऱ्याला घाबरते म्हणून तिला मांडीवर घेऊन मोटारीत बसलो. ज्याला मुळातच प्राणवायू कमी पडतो आहे त्याने झटापट केली की शरीराची गरज एकदम वाढते आणि पुरवठा तेवढाच राहतो. असे मांजर हाताळण्यानेच दगावू शकते, हे मला नंतर कळले. त्याला धरून ठेवू नये, पाठीवर झोपवू नये, तोंडात पाणी किंवा औषध घालू नये. वरचे झाकण निघते असा पिंजरा घरात असावा. झाकण काढून मांजर अलगद आत ठेवावे, वरून हलकासा टॉवेल टाकावा (हवा राहील इतपतच), मोटारीतला रेडिओ बंद करावा आणि निघण्यापूर्वी दवाखान्याला फोन करावा. फोनवर "माझ्या मांजराला श्वास घेता येत नाही" एवढे एक वाक्य पुरते.

दवाखान्यात दारातच मनीला माझ्या हातून घेतले आणि काचेच्या ऑक्सिजनच्या पेटीत ठेवले. आणि मग पुढचा पाऊण तास, मला वाटले, कोणी काहीच केले नाही. एक्स-रे का काढत नाहीत म्हणून मी काउंटरवर दोनदा तक्रार केली. वस्तुतः ते योग्य तेच करत होते. एक्स-रेसाठी मांजर आडवे धरावे लागते, आणि त्या क्षणी ते तिला झेपले नसते. आधी प्राणवायू, शांतता, थोडे गुंगीचे औषध. मग जमले तर अल्ट्रासाऊंडची नळी बसल्या जागी छातीला लावून पाहायचे की पाणी फुप्फुसांच्या आत आहे की बाहेर.

हा आत-बाहेरचा फरक समजून घेण्यासारखा आहे. फुप्फुस म्हणजे एक स्पंज, आणि तो बरगड्यांच्या बंद डब्यात ठेवलेला आहे, असे समजा. पाणी स्पंजात शिरले तर हवेला जागा राहत नाही. हृदय नीट चालत नसले की हे होते, आणि मग लघवीवाटे पाणी काढणारे फ्युरोसेमाइड नावाचे इंजेक्शन देतात. पाणी स्पंजाच्या बाहेर, डब्यात साठले तर स्पंज फुगूच शकत नाही. तेव्हा बरगड्यांमधून सुई घालून ते काढतात आणि मांजर बघता बघता मोकळा श्वास घेऊ लागते. डब्यातले पाणी हृदयविकारामुळे, पू झाल्यामुळे, कर्करोगामुळे किंवा एफआयपी या विषाणूच्या रोगामुळे येते. एफआयपी म्हणजे पूर्वी मृत्यूच. आता जीएस-४४१५२४ हे औषध आहे आणि २०२४च्या जूनपासून ते अमेरिकेत पशुवैद्याच्या चिठ्ठीने मिळते. तेव्हा ते नाव ऐकून लगेच हातपाय गाळू नयेत.

मनीचे पाणी स्पंजात होते. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा रोग. मांजरांमधला हा सर्वांत जास्त आढळणारा हृदयविकार. मेन कून जातीत त्याला कारण होणारा एक जनुकदोष २००५ साली सापडला, पण साध्या घरगुती मांजरांनाही तो सर्रास होतो, आणि स्टेथोस्कोपने दरवेळी कळतोच असे नाही. माणसे आणि कुत्री हृदय थकले की खोकतात. मांजरे सहसा खोकत नाहीत. ती फक्त गप्प होतात, कमी खातात, कपाटात जाऊन बसतात, आणि श्वास जलद होतो.

रात्री एकच्या सुमारास डॉक्टरीणबाईंनी विचारले, हृदय थांबले तर पुन्हा चालू करायचा प्रयत्न करायचा का? हा प्रश्न कागदावर असतो आणि खाली सही लागते. मी आयुष्यात असा प्रश्न कधी स्वतःला विचारला नव्हता. घरी फोन केला, तर मुलगी जागी होती. पहाटे तीनला मनी गेली. जाताना बाई म्हणाल्या की बहुतेक बरेच दिवस तिचा श्वास वाढलेला असणार. मी विचारले, किती दिवस? त्या म्हणाल्या, ते तुम्हीच सांगू शकाल.

ऑफिसात ज्या मशिनचा चेहराही मी पाहिलेला नाही, त्याचा दर मिनिटाचा लॉग माझ्याकडे असतो. मनीचा एकही आकडा नव्हता.

तो आकडा काढणे इतके सोपे आहे की सांगताना संकोच वाटतो. मांजर गाढ झोपलेले असावे. घुरघुरताना किंवा स्वप्नात मिशा उडवताना मोजू नये. छाती वर गेली आणि खाली आली की एक. तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. निरोगी मांजर झोपेत मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेते. आठवडाभर रोज मोजून आपल्या मांजराचा नेहमीचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा, कारण ज्याचा नेहमीचा आकडा १८ आहे त्याचा २९ झाला तर तो '३०च्या आत' असला तरी बातमी आहेच. झोपेत पुनःपुन्हा ३०च्या वर येत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करावा. ४०च्या वर असेल किंवा श्वासागणिक पोट भात्यासारखे हलत असेल, तर लगेच निघावे.

२०२१ साली गुंड्या आला. सौभाग्यवतींचा सुरुवातीला विरोध होता, मुलीपुढे तो टिकला नाही. वर्षभरानंतर तो अधूनमधून खाली दबून, मान लांब करून 'खक् खक्' करू लागला. आई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घशात केस अडकलाय रे, गवत खायला दे त्याला." इथल्याही चार जणांनी तेच सांगितले. पण केस अडकले असतील तर ते शेवटी बाहेर पडतात. गुंड्याचे काही बाहेर पडत नव्हते. तो शेवटी एक आवंढा गिळायचा आणि चालू लागायचा. तो खोकला होता. मी फोनवर चित्रण केले, सोबत श्वासांचे आकडे घेऊन गेलो. दवाखान्यात मांजर कधीच खोकून दाखवत नाही, म्हणून ते वीस सेकंदांचे चित्रण फार कामाला आले. हार्टवर्म आणि फुप्फुसातले जंत नाहीत ना याची तपासणी झाली, एक्स-रे झाला, आणि निदान निघाले दमा.

मांजरांना दमा होतो आणि त्याचा उपचार आपल्यासारखाच असतो, हे ऐकून आई अर्धा तास हसत होत्या. लहान मुलांना लावतात तसा नळकांड्याचा मुखवटा, पुढे फ्लुटिकासोनचा पंप. पंप दाबायचा आणि मुखवटा नाकावर ठेवून सात ते दहा श्वास मोजायचे. शिकवायला तीन आठवडे लागले. आधी नुसता मुखवटा जमिनीवर, त्यात उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. आता गुंड्या सकाळी पंपाचा आवाज ऐकून स्वतः येतो.

औषधाइतकाच फरक घरातली हवा बदलण्याने पडला, आणि इथे आपल्या घरांचा खास संबंध येतो. उदबत्ती, धूप, मिरचीची फोडणी, सुगंधी मेणबत्त्या, धूळ उडवणारी लिटरची माती या सगळ्यांनी दमेकरी मांजराचा श्वास अडतो. आमच्याकडे गणपतीत धूप आता मागच्या डेकवर फिरवतात. फोडणी देताना पंखा चालू आणि गुंड्या वरच्या मजल्यावर. बाप्पाची काही तक्रार आलेली नाही.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. मांजराला ताप वाटतो म्हणून क्रोसिन किंवा टायलेनॉल देऊ नका. अर्धी गोळी नको, पाव नको. हे औषध निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास वाढतो. उतारा आहे, पण तासांचा हिशेब असतो. कांदा-लसणानेही तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आजीच्या ताटातले कालवण आणि भात प्रेमाने भरवू नये. विषबाधेची शंका आली तर अमेरिकेत एएसपीसीएचा चोवीस तास चालणारा फोन आहे : ८८८-४२६-४४३५. पैसे पडतात, पण सल्ला पक्का असतो.

पैशाचेही स्पष्ट बोलतो, कारण फोन करणाऱ्या तिघांपैकी दोघांनी तो विषय चाचरत काढला. त्या रात्री माझ्याकडून उपचारांपूर्वी दीड हजार डॉलर अनामत घेतली होती. मांजरावर इतका खर्च करावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. 'आमच्या गावी मांजरं गोठ्यात असतात' असे म्हणणारेही चुकीचे नाहीत. पण किती खर्च करायचा आणि कुठे थांबायचे, हे नवरा-बायकोने एखाद्या निवांत रविवारी चहा घेताना ठरवून ठेवावे. रात्री एक वाजता काउंटरवर ते ठरत नाही. विमा काढायचा तर मांजर निरोगी असताना. निदान झाल्यावर तोच आजार विम्यात बसत नाही.

आणि भारतवारी. आपण चार-सहा आठवड्यांसाठी जातो आणि मांजर शेजारच्या हायस्कूलमधल्या मुलावर सोपवतो. आम्ही निघताना फ्रिजवर एक कागद लावतो : रात्रीच्या दवाखान्याचा पत्ता, पिंजरा कुठे आहे, गुंड्याचा झोपेतला आकडा (२२), आणि किती झाल्यावर आम्हाला न विचारता निघायचे (३६). दवाखान्यात माझे क्रेडिट कार्ड आणि मुलाला उपचाराची परवानगी देणारे पत्र आधीच देऊन ठेवलेले असते. गेल्या खेपेला सांगलीत पहाटे साडेपाचला फोन वाजला आणि मी ताडकन उठलो. शेजारच्या मुलाचा आवाज. म्हणाला, "चोवीस आहे, पण तो माझ्या अंगावर झोपलाय, मोजलेलं चालेल ना?"